कॉलरचं टोक

कारखान्यात सगळे तिला कॉलरताई म्हणत. एकोणीस वर्षं तिनं शर्टाच्या कॉलरीच शिवल्या होत्या. उलटी शिवलेली कॉलर उलटवून सुलट करताना बाकीच्या बाया कात्रीनं टोचून टोक बाहेर काढत. कॉलरताई मात्र शिवतानाच टोकात एक दोरा अडकवून ठेवायची आणि उलटवताना तो हळूच ओढायची. टोक मग असं यायचं की बघत राहावं.

परवा सुपरवायझर म्हणाला, "ताई, उद्या तुमच्या कामाचा व्हिडिओ काढायचाय. परदेशातल्या नव्या कारखान्यात दाखवणार आहेत."

तिकडे मजुरी निम्मी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काज-बटणाची लाइन गेल्या महिन्यात असाच व्हिडिओ काढल्यावर बंद झाली होती.

"मग दोरा दाखवूच नकोस," रात्री घरी नवरा म्हणाला. "टोच कात्रीनं. बसू देत बोंबलत."

तिलाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी ती मशीनवर बसली. कॅमेरा सुरू झाला. तिनं टोकात दोरा न अडकवताच शिवलं आणि कात्रीनं टोचलं. टोक बोथट आलं, वर शिवणही उसवली. सुपरवायझरला त्यातलं काही कळलं नाही.

"छान! झालं," तो म्हणाला.

ती त्या टोकाकडे बघत राहिली. तिकडच्या बाया हे तिचं काम म्हणून बघणार होत्या.

"डोंबलाचं छान!" ती कडाडली. "चुकलंय ते. पुसून टाका आणि पुन्हा घ्या."

मग तिनं टोकात दोरा अडकवला आणि कुणी न सांगता, तिकडे नीट दिसावं म्हणून, हात सावकाश चालवला.