उभ्या गाडीचे दिवस

देव आहे की नाही, हा प्रश्न मला औंढ्याच्या देवळात पडला, आणि तोही नको त्या जागी. नागनाथाच्या दर्शनाला अरुंद पायऱ्यांनी तळघरात उतरावं लागतं. जन्मभर ट्रकच्या सीटवर बसून वाढवलेलं माझं पोट नेमकं तिथं अडकलं. मागून एक बाई म्हणाली, "भाऊ, श्वास आत घ्या, न्हाईतर आमाला हितूनच हात जोडावे लागतील." लोक हसले. एरवी सगळ्यांच्या आधी मीच हसलो असतो. पण त्या दिवशी मी दर्शनाला नव्हे, भांडायला चाललो होतो.

माझी बायको सुमन घरी अंथरुणावर होती. नांदेडच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. घरी न्या, जवळ बसा, एवढंच ते म्हणाले. आता जवळ बसणं ही काय अवघड गोष्ट? पण ज्याची एकच गाडी आहे आणि तिचा ड्रायव्हरही तोच आहे, त्याला तेवढंच जमत नाही. हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, हळद भरायची, सांगलीला उतरवायची, परतीचं भाडं मिळेपर्यंत तिथंच ताटकळायचं. चाक थांबलं की कमाई थांबते, हप्ता थांबत नाही. लेक सासरी, ओली बाळंतीण. मी वाटेत असताना हिचं काही झालं तर तोंडात पाणी कोण घालणार? म्हणून गाडी विकायची ठरवली होती. दलालाला तसा निरोपही दिला होता. गाडी गेली की मी पन्नाशीत दुसऱ्याच्या गाडीवरचा नोकर होणार, हे दिसत होतं. पण दुसरा रस्ता दिसत नव्हता.

हाताशी काहीच कसं नव्हतं, असं कुणीही विचारील. आम्हा गाडीवाल्यांत बऱ्याच जणांची एक समजूत आहे. गाडी उभी राहील, हे तोंडातून काढू नये. त्या दिवसांसाठी पैसा बाजूला ठेवला, तर आपणच त्या दिवसांना बोलावणं धाडलं असं होतं. माझी तर त्याच्या वरची तऱ्हा. माझ्या गाडीत देव भागीदार आहे, असं मी सांगत फिरायचो. केबिनमधल्या देवाला लग्नाच्या मांडवाला नसेल एवढी रोषणाई, रोज ताजा हार, आणि स्टेपनीचं टायर मात्र माझ्या टकलासारखं गुळगुळीत. सुमन म्हणायची, "देवाला काय क्लीनर ठेवलाय व्हय तुमी? टायर बी त्यानंच बदलायचं का?" मी तिला नास्तिक ठरवून मोकळा व्हायचो.

तर तळघरात पोचलो. एवढं भांडायचं ठरवून आलेलो, पण पिंडीपुढं हात जोडले. "मला तिच्यापाशी बसू दे," एवढंच म्हटलं. बरी कर, असं मागायचं धाडस झालं नाही. पुजाऱ्यानं पुढं सरकवलं, आणि मी रडत रडत, पुन्हा पोट आत घेत, वर आलो.

बाहेर माझ्या गाडीपाशी पांढऱ्या दाढीचा, डोक्यावर टोपी असलेला एक माणूस टायरं दाबून बघत होता. दलालानं पाठवलेलं गिऱ्हाईक असणार, असं वाटून मी डोळे पुसले.

"हीच ना विकायची गाडी?" त्यानं विचारलं. "मोंढ्यात कानावर आलं. मी सत्तार, कुरुंद्याचा. चांगली चालती गाडी काहून विकून राहिले?"

गिऱ्हाइकापुढं रडगाणं गायचं नसतं, भाव पडतो. पण मी सगळं सांगून बसलो. तो चाकाला टेकून ऐकत राहिला.

"मग विकू नका," तो म्हणाला. "मी चालवतो. भाडं तुमचं. माझ्या जेवणाचं तेवढं बघा."

"आणि तुमची गाडी?"

"इंजिन खोललंय तिचं, गॅरेजात पडली. मी बी रिकामाच."

"मग तुमचं घर कसं चालतं?"

तो माझ्याकडे लेकराकडे बघावं तसं बघत राहिला. "भाऊ, गाडी हाय म्हणजे कधीतरी उभी राहणारच. दर खेपेतून तिच्या उभ्या दिवसांचं काढून ठेवतो आमी. तुमी न्हाई ठेवत?"

अनोळखी माणसाच्या हाती किल्ली द्यावी का, हा विचार मनात आलाच नाही असं नाही. पण किल्ली दिली.

त्यानं सांगलीच्या खेपा केल्या. डिझेलचा खर्च वजा जाता भाडं घरी आणून द्यायचा आणि चहासुद्धा अंगणातच घ्यायचा. आजारी माणसाच्या घरात गडबड नको, म्हणायचा. मी आत सुमनपाशी असायचो. तिला भरवायचो, तिची वेणी घालायचो. पहिली वेणी बघून ती म्हणाली, "अवं, ही वेणी हाय का ताडपत्रीची दोरी?" मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "लग्न झाल्यापासून इतके दिवस सलग घरी पहिल्यांदाच राहिले तुमी."

ती गेली ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून, सकाळच्या उन्हात. पाणी मीच घातलं.

सत्तारभाईंना त्या दिवशी कुणी धाडलं, ते मला ठाऊक नाही. मी ते कुणाला पटवून द्यायलाही जात नाही. पण एक गोष्ट मनातून हलत नाही. मी देवाकडे जे मागितलं ते मला मिळालं, आणि ते एका माणसानं स्वतःच्या वाईट दिवसांसाठी जे राखून ठेवलं होतं, त्यातून मिळालं. त्याच्या घरी चूल पेटत होती, म्हणून त्याला माझ्या दारात उभं राहता आलं. मी देवाला भागीदार म्हणत होतो, पण माझ्या वाट्याचं काम मी कधी केलंच नव्हतं.

आता दर खेपेतून मी बाजूला काढतो. टायरचं वेगळं, उभ्या दिवसांचं वेगळं. काढताना जड जातं, कारण गाडी एक दिवस थांबणार आणि तिच्यामागं मीही, हे दर वेळी कबूल करावं लागतं. शरण जाणं म्हणतात ते हेच असावं. ते कबूल करायचं, हात जोडायचे आणि निघायचं. परवा कमाईतून बाजूला काढताना सुमनला दाखवावं म्हणून मी आत वळलो. खोली रिकामी होती. थोडा वेळ मी तिथंच बसून राहिलो. तिच्यापाशी बसायला मिळालं होतं, याचेच देवाला आभार मानले.