ट्रान्झिस्टरचे लांब पाय

हे पत्र जवळ धर गो बाय, नि आधी चष्मा लाव. पावसाळा सरला तरी मुरबाडकडे फिरकली नायस. एवढा राग बरा नाय. बोलले मी वाईट, पण का ते ऐकून तर घे.

टेकडीवरची टाकी भरली की घरात दिवा लागावा, म्हणून बिनतारी निरोप धाडणारं सर्किट मी जुळवत होते. शाळा माझी सातवीपर्यंत. बाकी सगळं जुनी मासिकं नि मोबाइल बघून. तुझ्या शहापूरच्या दुकानातून रेडिओचे पाच ट्रान्झिस्टर आणले. निरोप अंगणापर्यंत पोचे, पुढे नाय.

मनात पाल चुकचुकली. माल नकली. मीटरवर पाचही चांगले, पण वरच्या फ्रिक्वेन्सीचं मीटरला काय कळतंय? थिनरचा बोळा फिरवला, तर दोघांवरचा छापलेला नंबर पुसट झाला, वरून मारलेला असावा तसा. चुंबक लावलं, पाय चिकटले, म्हणजे तांब्याचे नाय, लोखंडी. माल देताना तू हसलीस, तेही आठवून खटकायला लागलं. फोन लावला.

"घासून नवा नंबर मारलेला माल म्हातारीच्या गळ्यात बांधलास ना?"

"मावशी, पाय न कापता आण, बदलून देते," म्हणालीस नि फोन ठेवलास.

पाय कापलेला माल परत नाय, हा तुझ्या दुकानाचा नियम. संशय होताच, म्हणून मी एकाचाही पाय कापला नव्हता. आळीपाळीनं लावलेला प्रत्येक जण बोर्डावर इंचभर उंच, खाचरातल्या बगळ्यासारखा उभा राही.

मग अस्सल माल कसा दिसतो ते बघायला बंद टीव्हीचा ट्यूनर उघडला. आतला ट्रान्झिस्टर बोर्डाला पोट टेकून बसलेला. तेव्हा उमगलं. एवढ्या वेगाच्या लहरींना लांब पाय म्हणजे तारेचं वेटोळंच. जोर सगळा तिथंच अडतो. पाय लांब ठेवले मी, नि चोर ठरवलं तुला.

तरी कटर हातात घेतल्यावर हात थांबला. कापला की परत नाय. खोटं कशाला सांगू, नंबर न पुसलेलाच निवडला. पाय कापून खाली बसवला. टाकी भरली नि घरात दिवा लागला.

पुसट नंबरवाले दोघे अजून डबीत आहेत, लांब पायांचे. त्यांच्याबद्दल मन अजून साफ नाय. पण परत करायचे नायत, तुझ्यासमोर कापीन. या रविवारी दुकान लवकर बंद कर नि ये.