मॉनिटरची मागची बाजू

मॉनिटर रिपेअरचं दुकान म्हटलं की लोकांना वाटतं, किती बोअर काम असेल. पण लोक मॉनिटरची फक्त पुढची बाजू बघतात, आणि आम्ही दिवसभर मागची बघतो. सगळ्या भानगडी तिथेच झालेल्या असतात. त्यामुळे किस्से इतके साचलेत, की जेवताना एक सांगायला घेतला तर भात गार होतो.

दुकान पार्ल्याला, पूर्वेला. नाव माझं, पण टेबल सावंतकाकांचं. अकरा वर्षांपूर्वी मी दुकान टाकलं तेव्हापासून ते तिथे बसतात, आणि मला सोल्डरिंग त्यांनीच शिकवलं. आमच्याकडे सगळ्यात जास्त येतो तो खराब झालेला पोर्ट, म्हणजे मॉनिटरच्या मागे केबल जिथे खोचतात ते भोक. तो बदलायचा तर केसासारख्या एकोणीस पिना एकेक करून चिकटवाव्या लागतात. हात जरा हलला की वाट लागली.

आणि गेल्या वर्षापासून काकांचा हात हलायला लागला.

त्यांचा मुलगा संदेश म्हणाला, "घरी बसा आता." काका ऐकेनात. शेवटी बापलेकांत ठरलं, की जोवर पोर्ट बसवता येतो तोवर दुकान, नाही आला की त्या दिवसापासून घर. मला सांगताना काका म्हणाले, "घरी बसून काय करू गं विद्या? कबुतरं हाकलू?" तेव्हापासून कुणी मॉनिटर घेऊन आत आलं, की पोर्ट खरोखर गेलेला नसू दे अशी आम्ही दोघंही मनातल्या मनात प्रार्थना करतो.

* * *

एकदा पार्ल्याचेच एक सीए आले. स्क्रीन काळी. "पोर्ट गेलाय, बदलून टाका," म्हणाले. काकांनी सेट आत नेला, अर्ध्या तासाने बाहेर आणला. स्क्रीन चालू. "थोडं लूज होतं," म्हणाले. सीए खूश होऊन गेले.

"काय लूज होतं काका?"

"काही नाही. त्यांनी केबल एका पोर्टात लावलेली आणि बटणाने दुसराच पोर्ट निवडलेला. मी बटण दाबलं."

"मग अर्धा तास काय करत होतात?"

"अगं, बायको बरोबर होती ना त्यांची. दोन मिनिटांत दिला असता तर घरी जाऊन बिचाऱ्याचं काय झालं असतं?"

* * *

अंधेरीच्या एका इंजिनिअरने तर आमचा क्लासच घेतला. ड्रायव्हर, फर्मवेअर, सिग्नल, काय काय बोलला. काका मान डोलावत ऐकत होते. त्याचं संपल्यावर त्यांनी पोर्टात बॅटरी मारली आणि मला म्हणाले, "चिमटा दे." आतून शेव निघाली. पिवळी, चांगली कुरकुरीत.

आमच्या दुकानाचा नियम आहे, काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाला परत द्यायचा. काकांनी ती शेव प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घातली, तोंडाला पिन मारली आणि त्याच्या हातात ठेवली. तो बिचारा थँक्यू म्हणाला.

* * *

काकांची एक पद्धत आहे. सेट उघडण्याआधी केबल गिऱ्हाइकालाच लावायला सांगायची आणि त्याच्या हाताकडे बघायचं. वाकोल्याच्या परबवहिनी आल्या. "केबल धड बसतच नाही," म्हणाल्या. काका म्हणाले, "लावून दाखवा." वहिनींनी केबल पोर्टाला टेकवली, कोपर वर काढलं आणि सगळा जोर लावून उजवीकडे पिळली.

"वहिनी, अहो हे काय करता?"

"मिक्सरचं भांडं असंच तर बसतं."

तो पोर्ट मात्र खरोखरच गेला होता. काकांनी सेट उघडला आणि माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "विद्या, आज चष्मा घरी राहिला गं. तूच बसव."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. मी बसवला.

* * *

केबल सैल झाली की लोक कागदाची घडी करून फटीत कोंबतात. मुलुंडहून गोखले आले. त्यांच्या सेटला मागे अशीच एक जाड घडी होती. काकांनी ती हळूच ओढून काढली, उलगडली आणि वाचायला लागले.

"गोखले, ही अनुजा तुमची कोण?"

"मेहुणीची मुलगी. का हो?"

"मुहूर्त बारा सदतीसचा आहे. आज."

सव्वाअकरा वाजले होते. गोखल्यांनी खिशातून सायलेंटवरचा फोन काढला, बायकोचे नऊ मिस्ड कॉल बघितले, आणि मॉनिटर तिथेच टाकून बर्म्युडावर तसेच रिक्षात बसले. काका मागून पत्रिका घेऊन धावले. "अहो, हॉलचा पत्ता तरी घ्या!"

* * *

आणि मग एक दिवस संदेशच आला. घरचा मॉनिटर घेऊन. पोर्ट पार मोडून आत लोंबत होता. "पडला," म्हणाला. माझा विश्वास बसला नाही, काकांचाही बसला नसावा. संदेशने स्टूल ओढलं आणि टेबलासमोर बसला. बापलेक एकमेकांशी मालवणीतच बोलतात.

"तुमी बसवा बाबा. मी बघतंय."

काकांनी सोल्डरिंग गन उचलली. टोक पिनांच्या वर आलं आणि थरथरायला लागलं. पहिल्याच पिनेला कथील ओघळून शेजारच्या दोन पिनांवर गेलं. त्यांनी साफ केलं, पुन्हा लावलं. पुन्हा ओघळलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

काकांनी गन स्टँडला लावली. त्या दिवशी त्यांनी चष्म्याचं नाव काढलं नाही. मुलासमोर सरळ म्हणाले, "विद्या, माझ्या हातून नाही होत. तू बस. मी सांगतो."

मी बसले. ते हात मागे बांधून माझ्या खांद्याशी उभे राहिले. "टोक जरा आडवं धर. घाई नको. आता पुढची." मी भिंगातून बघत होते, ते नुसत्या चष्म्यातून. सगळ्या पिना झाल्यावर मी पाठ टेकली, तर म्हणाले, "सातवी कच्ची आहे." मी चिमट्याने हलवून बघितली. खरंच सुटी होती. त्यांना ती कशी दिसली ते मला आजही कळलेलं नाही.

सातवी पक्की केली. केबल लावली. स्क्रीन लागली.

"बसवलो हिने," संदेश म्हणाला.

"पण बसलो मां?" काकांनी विचारलं.

संदेशने केबल काढली, हळूच, सरळ ओढून. मॉनिटर काखेत घेतला आणि दारापर्यंत गेला. तिथे थांबून त्याने विचारलं, "बाबा, उद्या डब्यात काय व्हया?"

काका टेबलावरचं कथील पुसत होते. वर न बघता म्हणाले, "काय पण घाल. चपात्या दोन जास्ती दी. हिका पण लागतत."