बाभळींखालचं पाणी

दिंडोरीकडच्या एका पाणीवापर संस्थेत सहादू पगारे बावीस वर्षं पाटकरी आहेत. पाटाला पाणी सुटलं की चारीच्या, म्हणजे पाटातून शेतांकडं जाणाऱ्या छोट्या कालव्याच्या, कडेनं चालायचं आणि ज्याची पाळी त्याचं दार उघडायचं, हे त्यांचं काम. पण सहा-सात वर्षांपासून चारीच्या शेवटाला पाणी पोहोचायचं ते मनगटाएवढं. तिथल्या अक्काबाई तोंडावर म्हणायच्या, "वरच्या लोकांनाच वाटून देतो तू." सहादू मान खाली घालून पुढं जायचे. दारं तर त्यांनी वेळेवरच लावलेली असायची.

गेल्या एप्रिलमध्ये नाशिकहून तेजस्विनी नावाची मुलगी आली. उपग्रहानं टिपलेल्या चित्रांवरून, कुठल्या रानात किती पीक ओलिताखाली आहे याचा नकाशा ती करत होती. चित्र खरं बोलतंय का, हे बघायला तिला चारीची माहिती असलेलं माणूस हवं होतं. दोन दिवस सहादूंनी तिला बांधाबांधानं फिरवलं. तिसऱ्या दिवशी तिनं मोबाईल पुढं धरला.

"काका, हा हिरवा पट्टा कोणाच्या पिकाचा?"

"कोणाच्याच नाय. पडीक हाय ती. बाभळी नि मुरूम."

"मग एप्रिलात एवढं हिरवं कसं?"

सहादू थबकले. तिथून ते नेहमी जात, पण बांधाच्या माथ्यावरून. खालच्या काट्यांत कोण शिरणार? आता ते शिरले. आत गुडघाभर लव्हाळा आणि पायाखाली चिखल. चारीचा तळ फुटला होता आणि पाणी आतल्या आत झिरपून ओहोळाला जात होतं.

ते काट्यांतून बाहेर आले. "माझ्याच हातून काही चुकतंय, असं वाटायला लागलं होतं पोरी."

"मला नुसता रंग दिसला होता काका. जागा पडीक आहे, हे तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं."

मे महिन्यात संस्थेनं तळ दुरुस्त केला. हिवाळ्यातल्या पहिल्या पाळीला अक्काबाईंचा हरभरा बांधापर्यंत भिजला. पाळी देऊन निघालेल्या सहादूंना त्यांनी थांबवलं. "जेवून जा," म्हणाल्या, आणि भाकरीवर वांग्याचं भरीत वाढलं.

जानेवारीत सहादू एसटीनं नाशिकला गेले. द्वारका चौकाजवळच्या तेजस्विनीच्या ऑफिसात ती नव्हती. अक्काबाईंनी दिलेली ओल्या हरभऱ्याची पेंढी त्यांनी वॉचमनकडं ठेवली.

"कोणी दिली सांगू?" त्यानं विचारलं.

"चारीच्या शेवटाकडच्या लोकांनी," सहादू म्हणाले.