धाप लागलेली गाडी

दुपारचं जेवण झालं आहे आणि मी पडवीत चटईवर पडलो आहे, झोपायचं नाही असं स्वतःला बजावून. चार वाजता निघायचं आहे. अंगणात मोटारसायकल उभी आहे आणि माझा एक डोळा तिच्यावरच आहे. आतून मैथिलीचा आवाज येतो. माझी लेक पूर्वरंगाची उजळणी करते आहे. घाटापलीकडच्या राममंदिरात आज तिचं पहिलं कीर्तन. पेटीवाले, तबलजी सकाळीच पोचले. भाड्याची वडापची जीप लग्नाचं वऱ्हाड घेऊन गेली, दुपारची एसटी रद्द झाली. उरलो मी आणि ही गाडी, जी या आठवड्यात चढणीला दोनदा धापा टाकत बंद पडली आहे.

नासिर मेकॅनिकने प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला. "काका, इथं तर वाघासारखी चालते," म्हणाला. इथं चालतेच हो. घाटात मरते.

रामराया, पोरीला वेळेवर उभी कर. एवढं म्हणतो, आणि पापण्यांवरचं ऊन तांबूस होतं.

उजळणी थांबत नाही, पण आता ती गाडीतून ऐकू येते. गाडी सभामंडपात आहे, बुवा उभे राहतात त्याच जागी, हँडलला हार. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, सगळे टक लावून. पेटीवाल्याने सूर धरून ठेवलाय. मी किक मारतो. गाडी सुरात लागते, जरा नीट चालते, मग अडखळते आणि फट्फट् करत बसते. बायकांत कुजबुज होते, "पहिल्याच दिवशी, बाई."

मी पुन्हा किक मारतो. पाय खाली जातो, जातच राहतो, तळ लागत नाही.

"अहो, घाम पुसा आधी."

मागच्या सीटवर शालन बसली आहे, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी. माझी बायको. भाद्रपदात गेली. हे मला ठाऊक आहे, पण देवळात तसं तोंडावर बोलू नये म्हणून मी गप्प राहतो. कीर्तन म्हटलं की ती अशीच मागे बसायची. पंचक्रोशीतलं एक देऊळ आम्ही सोडलं नाही.

"मैथिलीला उशीर होतोय गं."

"तुम्हाला तर निघायच्या आधीच उशीर होतो. बंद कधी पडते?"

"चढण लागली की. आधी ओढ कमी होते. चोक दिला की जरा धावते, मग मरते."

"मग तुम्ही काय करता?"

"रामनाम घेतो."

"ते घ्याच. हातांनी काय करता?"

मंडपाच्या खांबांना पानं फुटली आहेत. आम्ही घाटात आहोत, वळणावर, खाली दरी. श्रोते कठड्यावर तसेच रांगेनं बसलेत. पेटीचा सूर अजून थांबलेला नाही.

"टाकी उघडून बघतो पेट्रोल आहे का. असतं. झाकण लावतो, किक मारतो…"

"आणि चालू होते."

"होते."

"दर वेळी?"

"दर वेळी. पुढे दोन वळणं गेली की पुन्हा तेच."

ती हसत नाही. ही आता आमची मागची खोली आहे, तीच खाट, पाठीशी तीन उशा. खाटेवर गाडी टेकली आहे. तिची टाकी वरखाली होते, आणि तो आवाज मी ओळखतो. शेवटी शेवटी शालनचा श्वास असाच वाजायचा.

"शालन, ही पण…"

"मला खिडकी उघडली की बरं वाटायचं. तुम्ही वारा बाधेल म्हणून परत लावायचात."

"तुझ्याच भल्यासाठी गं."

"माहीत आहे हो, रागावले नाही मी. इकडे लक्ष द्या. गोडेतेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो ना? एकातून तेल येतं, दुसऱ्यातून वारा जातो. एकच पाडलं तर तेल गचके खातं. टाकीच्या झाकणाला ते दुसरं भोक असतं. ते तुम्ही बुजवलंत."

"मी?"

"गुढीपाडव्याला गाडीची पूजा कोणी केली?"

मीच. तिच्याशिवायचा पहिला पाडवा. तिच्या हातची व्हायची तशीच व्हावी म्हणून गंधात कुंकू दाट कालवलं. गाडीचं कपाळ कुठलं ते कळेना, म्हणून सगळ्यात उंच जागी, टाकीच्या झाकणावर, जाडजूड टिळा लावला. वर अक्षता दाबल्या.

"मी दिव्यावर लावायचे," शालन म्हणते. "तुम्ही थेट नाकात घातलंत."

पुन्हा घाट आहे, कठड्यावरचे सगळे हसतात. मलाही हसू येतं. सूर अजून धरलेला आहे आणि पेटीवाल्याचे हात थकलेत.

"तू चल ना. तुझ्या लेकीचं पहिलं कीर्तन आहे. देवळापर्यंत तरी."

"पुढे बघा. वळण आहे."

ती बांगडीत अडकवलेली, कडीपाशी वाकलेली पिन काढते. सवाष्ण गेली ती, मी तिच्या हिरव्या बांगड्या काढू दिल्या नव्हत्या, आणि ही पिन त्यांच्याबरोबरच चितेवर गेली होती. ती माझ्या तळहातावर ठेवून बोटं मिटवते. तिचा हात ऊन आहे.

"झाकण काढून उलटं धरा. आत ढकलू नका, टाकीत पडेल. हलक्या हातानं."

सुस्स करून कोणीतरी लांब श्वास घेतं. गाडीनं, की तिनं, ते मला दिसत नाही.

"बाबा! चार वाजले! निघायचं ना?"

मी अंगणात उभा आहे, गाडीजवळ, अनवाणी. डाव्या हातात टाकीचं झाकण, उलटं. सुलटं करून बघतो. टिळा आहे, वाळून भेगाळलेला. त्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक मोकळं आहे. मी ओठ टेकवतो आणि फुंकतो. फुंकर आरपार जाते.

उजव्या मुठीत काहीतरी टोचतं. मूठ उघडतो. एक पिन, कडीपाशी जराशी वाकलेली. टोकाला कुंकू आहे. ओलं.