शेगडी कुठंय, मावशी?

दोरीवाले साहेब नमस्काराच्याही आधी विचारायचे, "मावशी, शेगडी कुठंय?" श्रीरामपूरकडच्या साखर कारखान्यात बॉयलरच्या मागं माझी चहाची टपरी. उसाचं गाळप सुरू व्हायच्या आधी बॉयलरच्या नळ्यांचे जोड तपासायला साहेब यायचे. इरिडियमच्या किरणांनी लोखंडाचा फोटो काढायचा आणि ती किरणं अंगाला वाईट, म्हणून तेवढा वेळ भोवती दोरी बांधून माणसं लांब ठेवायची. दोरी कुठवर न्यायची, हे साहेब ठरवणार; माझी शेगडी दोरीच्या आत येते का, म्हणून ते आधी विचारायचे.

एका वर्षी दोरी माझ्या टपरीच्याही पलीकडं गेली. म्हणजे मी फाटकाशी जायचं. आता सांगा, चहासाठी तिथवर कोण चालत येतंय? आणि माझं तर घर त्या टपरीवर चालायचं. कंत्राटदाराचा इंजिनिअर माझ्या बाजूनं बोलला, "साहेब, तुमच्या पुस्तकापेक्षा दुसऱ्या पुस्तकात याच इरिडियमच्या किरणांच्या जोराचा आकडा लहान दिलाय. तो धरा, दोरी अलीकडं येईल."

"व्हय साहेब, लहानच धरा की!" मीही म्हटलं.

"मावशी, किरणांकडं सूट मागताय?" साहेब हसले. मग खिळ्यावरची माझी गाळणी काढून म्हणाले, "पुस्तकं दोन्ही खरी. एकानं चहा भुकटीसकट मोजलाय, एकानं गाळून. इरिडियम पोलादी डबीत असतं, कमजोर किरणं त्या पोलादातच अडकतात. एकानं तीही मोजली, एकानं सोडली. आपल्या डबीची गाळणी किती बारीक, ते बघितल्याशिवाय मी लहान आकडा धरणार नाही."

मी फणकाऱ्यानं शेगडी आणि गॅसचा सिलिंडर उचलला. गाळणीच्या रिकाम्या खिळ्यावर साहेबांनी किरणं मोजायचं यंत्र अडकवलं. फाटकाशी गिऱ्हाईक नव्हतंच. साहेबच आपली सगळी माणसं घेऊन चहाला आले, वर साखर कमी म्हणून नावं ठेवून गेले. साखर कारखान्यात, बघा!

पहिला फोटो झाला, यंत्र बघितलं आणि साहेब स्वतः फाटकाशी आले. "लहान आकडाच जुळला, मावशी. मी जरा जास्तच सांभाळलं. चला परत." आणि सिलिंडरला एका बाजूनं हात लावला. माणूस मोठा, पण आपलाच आकडा धरून बसला नाही. तेव्हापासून दोन डॉक्टर दोन गोष्टी बोलले, तरी मी घाबरत नाही. कुणी काय धरलं, काय सोडलं, तेवढं विचारते.

साहेब आता निवृत्त झाले. यंदा त्यांच्या जागी एक तरुण मॅडम आल्या. दोरीचं भेंडोळं खाली ठेवलं आणि टपरीत डोकावून म्हणाल्या, "मावशी, शेगडी कुठंय?"

 मी गाळणी काढून घेतली आणि खिळा मोकळा करून दिला.