एकेचाळीस राज्यांचा चष्मेवाला

चष्मेवाला पहिल्यांदा नजरेत भरला तो डोळे तपासताना. गिऱ्हाइकाच्या नाकावर जड चौकट, चौकटीत भिंग, आणि हा मान तिरकी करून विचारतोय, "हे बरं, की हे? आता? हे, की हे? आणि एक सांगा, समुद्रापासून दोनशे कोसांवरच्या राज्यात मीठ कुठून येत असेल?"

गिऱ्हाइकाला वाटलं, हीसुद्धा तपासणीच. "मला नाही दिसत," तो बिचारा ओशाळून म्हणाला.

मीठ हवं होतं ते चष्मेवाल्याच्या जगात. एका खेळासाठी त्यानं हे जग रचलं होतं. खेळ तसा सोपा. एकानं जग सांगायचं. बाकीच्यांनी त्यातला कोणी योद्धा, कोणी जादूगार व्हायचं आणि आपण आता काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. इतर लोक यासाठी एखादी गुहा आणि एक राक्षस योजतात. चष्मेवाल्यानं नऊ वर्षांत एकेचाळीस राज्यं, सहा कालगणना आणि सतरा भाषा योजल्या. जगाला नाव तेवढं नव्हतं, कारण सतरा भाषांत सतरा नावं झाली आणि एकीवरही अन्याय करणं त्याला पटेना. चौदा फायलींनी कपाट भरलं आणि बायकोचे कपडे पलंगाखालच्या ट्रंकेत गेले.

खेळायला माणसं तीन: बायको, तिचा धाकटा भाऊ आणि शेजारची नर्स.

पहिला रविवार कालगणना समजावण्यात मावळला. मेव्हणा खुर्चीतच घोरू लागला. दुसऱ्या रविवारसाठी चष्मेवाल्यानं आगाऊ साठ पानं वाचायला दिली. ती कोणी वाचली नाहीत. मेव्हण्याच्या प्रतीवर तर कपाचे दोन गोल उठले होते.

"भावोजी, नमनालाच घडाभर तेल जळतंय. नाटक कधी?"

"अरे, पण मिठाचा कर माहीत नसेल तर वेशीवर अडवतील तुम्हाला!"

"अडवू द्या की! निदान काहीतरी घडेल."

सगळे गेल्यावर बायकोनं निर्वाणीचं सांगितलं. "अहो, आता एकच रविवार. त्यात खेळ सुरू झाला नाही, तर फायली माळ्यावर आणि खेळ बंद. माझा भाऊ दोन बस बदलून येतो, तो काही झोपायला नाही."

चष्मेवाल्याचा तो आठवडा वाईट गेला. माळ्याचं त्याला भय नव्हतं, भय होतं ही माणसं यायची थांबतील याचं. दिवसभर त्याला माणसं वीतभर अंतरावरून दिसत, नुसती बुबुळं आणि पापण्या. घरी आलं की जिचं टोक दिसत नाही अशी मोठी भूमी त्याला हवीहवीशी वाटे. पण नऊ वर्षं तिच्यात तो एकटाच हिंडत होता.

नर्सनं मात्र साठ पानांतला नकाशा जपून ठेवला होता. एकाच वॉर्डात वीस वर्षं काढलेल्या त्या बाईला, पुढच्या वळणावर काय आहे ते माहीत नसलेली एखादी वाट हवी होती.

तिसऱ्या रविवारी चष्मेवाला बगलेत दोनच फायली घेऊन आला. "फक्त दोन," तो अभिमानानं म्हणाला. "तर, पहिल्या राजघराण्यात..."

"अहो," बायको म्हणाली, "दुकानात गिऱ्हाइकाला सगळी भिंगं एकदम लावता का?"

"छे! असं कसं? एकेक लावायचं. हे की हे, विचारायचं."

"मग?"

चष्मेवाल्यानं फायली खुर्चीखाली ठेवल्या आणि घसा खाकरला. "राजाला वाचवायला निघालेले तुम्ही एका गावात पोहोचलात. समोर बंद दार आहे. ठोठावता, की ढकलता?"

"ठोठावते," नर्स म्हणाली. "कोण उघडतं?"

इथे पंचाईत झाली. दोनशे बारा राजे त्याला तोंडपाठ होते, पण साध्या दाराआड कोण राहतं हे त्यानं कुठेच लिहिलं नव्हतं. हात खुर्चीखाली गेला. बायकोनं नुसतं पाहिलं. हात परत आला.

"कुंभार," तो घाईघाईनं म्हणाला. "हाताला चिखल. चिडलाय. म्हणतो, आधी पाय पुसा."

"अहो, आम्ही राजाला वाचवायला निघालोय!" मेव्हणा उसळला.

"वाचवा की. पण पाय पुसून."

नर्सला हसून ठसका लागला. पाय पुसले गेले. मेव्हण्यानं ऐटीत जादूनं कुंभाराची भट्टी पेटवायला फासा टाकला. पडला एक, आणि छप्पर उडालं. कुंभारानं तिघांनाही माती तुडवायला जुंपलं. अंधार पडेपर्यंत ते माती तुडवत होते आणि मेव्हणा टक्क जागा होता.

निघताना नर्सनं नकाशावर बोट ठेवलं. "दादा, या डोंगरापलीकडे काय आहे हो?"

त्या डोंगरावर सात पानं होती. चष्मेवाल्याचं तोंड उघडलं. बायकोनं श्वास रोखला.

"जाऊन बघा ना," तो म्हणाला. एवढं बोलताना, भूल न देता दात उपटून घेतल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

"मग पुढच्या रविवारी," नर्स म्हणाली.

याला दोन वर्षं झाली. तिघंही सध्या डोंगराच्या अर्ध्या वाटेवर आहेत. चाळीस राज्यांत अजून कुणाचं पाऊल पडलेलं नाही. चष्म्याचं दुकान आता रविवारी दुपारी तीनलाच बंद होतं.